मशीनचा आकडा आणि केरूचा कौल

मालगुंड, २२ एप्रिल २०२५

ऋतिकाताईस,
सा. न. वि. वि. वगैरे नाही. नुसता नमस्कार, तोही आई मागे उभी राहून लिहायला लावते म्हणून.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. बारावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, चुका काढत बसू नको. फाडलास तर दुसरा पाठवीन.

काय गो, चुलतबहीण तू माझी, आणि असं केलंस? तुझे आईबाप गेल्यावर ज्या काकाने तुला घरात वाढवलं, त्याच्यासाठी आलेली किडनी तुमच्या हॉस्पिटलात तुझ्याच मशीनवर होती. तूच फोनवर म्हणालीस, दिसायला सुरेख आहे. आम्ही बाबांना उपाशीपोटी गाडीत घातलं, मुंबई गाठली, त्यांना ऑपरेशनचा झगासुद्धा घातला. मग तुमचे साहेब येऊन सांगतात, मशीनवर आकडे बरे नाहीत, ही किडनी चालणार नाही, घरी जा. तुला एक आकडा कमी सांगता आला नसता? एकच?

निघण्याआधी बाबांनी केरू गुरवाकडून देवाला कौल लावला होता. उजवी कळी पडली, म्हणजे होकार. आता बाबा म्हणतात, देवाने दिलेली किडनी ऋतिकाने परत पाठवली, मला आता काही नको. डायलिसिसला रत्नागिरीला जाणं बंद. पाय सुजलेत, धाप लागते, भिंतीकडे तोंड करून बसतात. आईने रडून बघितलं, मी ओरडून बघितलं. त्यांचं काही बरंवाईट झालं तर तुझ्या मशीनला हार घालायला मी स्वतः येईन.

शेवटी लोभ असावा असं लिहितात. मी लिहीत नाही.

समर्थ


मुंबई, २६ एप्रिल २०२५

चि. समर्थ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक कानाखाली. ती भेटल्यावर.

ब्लॉक का केलं ते विसरलास? ‘मंत्र्यांचा पीए बोलतोय, श्रीपती नावाच्या पेशंटला तीच किडनी बसवा, आमची ऋतिका तिथेच आहे,’ असा आवाज जाड करून साहेबांना फोन कोणी केला? मागे आपला कोंबडा आरवत होता रे, गाढवा! साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला, सगळ्यांनी ऐकला. आपलं नातं मी त्यांना आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी मशीनवरच्या दुसऱ्या मुलीला, दर्शनाला, माझ्या जोडीला बसवलं होतं. दोघींनी वेगवेगळं वाचलं, आकडा एकच निघाला. आणि तुझ्या पीएगिरीमुळे आता काकांसाठी किडनी आली तर मला त्या खोलीत पाऊल टाकायला बंदी.

आता नीट वाच. मशीन किडनीच्या नसांतून थंड औषधी पाणी फिरवतं. किडनी चांगली असली की नसा हळूहळू मोकळ्या होतात, पाणी सुरळीत जातं, अडथळ्याचा आकडा उतरतो. मी त्या आकड्याकडे बघत देवाचं नाव घेत होते. तो उतरलाच नाही. नुसत्या आकड्यावर कोणी किडनी टाकत नाही, म्हणून तिचा बारीक तुकडाही तपासला. आतल्या बहुतेक चाळण्या बुजलेल्या. ज्यांनी आपलं माणूस गेल्यावर ती दिली, त्यांचं मला तुझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तू पेट्या भरतोस ना? वरून सोन्यासारखा हापूस, कापला की आत साका, पांढरा नासका गर. तो तू गिऱ्हाइकाला देत नाहीस. मी काकांच्या पोटात घालू? खोटा आकडा सांगितला असता तर पोट फाडून घेतलं असतं, आणि वर पुन्हा डायलिसिस होतंच.

देवाला मध्ये आणू नका. कौलात नेमकं काय विचारलं होतं, ते जा आणि केरूला विचार. काकूंना फोनवर सांगून झालं, काका ऐकत नाहीत म्हणे; हे पत्र मिळेल त्याच दिवशी त्यांना रत्नागिरीला घेऊन जा. उचलून न्यावं लागलं तरी चालेल.

काकूंना नमस्कार. तुझ्यावरचा लोभ सध्या बंद आहे.

ऋतिका


मालगुंड, १ मे २०२५

ति. ऋतिकाताईस,
सा. न. वि. वि. (या वेळी मनापासून. बरंचसं.)

तुझं पत्र मिळालं तसा केरूकडे गेलो. त्याची अंगणात दाढी चालली होती. म्हटलं, गाऱ्हाण्यात काय घातलंस? तो म्हणतो, किडनीचं मला कोण बोललं? हायवेची दशा बघून मी ‘लेकरं मुंबईला सुखरूप जाऊन परत येऊ देत’ एवढंच घातलं. आलात ना सुखरूप? मग माझ्या देवावर कशाला तापताय?

मी तिथेच त्याचा आरसा फोडणार होतो. पण हसूच आलं. त्याला अर्ध्या दाढीवर गाडीवर घातला आणि बाबांसमोर उभा केला. बाबांनी ऐकून घेतलं. मग त्याला, मला, तुला, तुमच्या साहेबांना, हायवेवाल्यांना, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या. एवढा दम आहे बघून आईला बरं वाटलं. मग मी तुझं पत्र वाचून दाखवलं. साक्याचं आलं तेव्हा पेटीतला एक आंबा घेतला आणि कापला. त्यांना आंबा बंद आहे, पण आत डोकावले. तो आंबा निघाला चांगला, माझं नशीबच फुटकं! दुसरा कापला, तोही चांगला. बाबा म्हणाले, अरे मूर्खा, सगळी पेटी कापशील, ती पोरगी खरं बोलतेय हे मला कळलंय. चपला कुठायत? गाडी काढ.

डायलिसिस झालं. सूज उतरतेय. तुझ्यावर रागावलेत अजून, म्हणाले, आकडा खरा होता तर माझ्या तोंडावर येऊन सांगायचा, साहेबाला का पाठवलं? यात ते बरोबर आहेत. ये आणि शिव्या खा.

राग माझाही गेलेला नाही. पण पुढची किडनी येईल तेव्हा मशीनवर दर्शना असो नाहीतर आणखी कोण, तिला माझा निरोप दे, आकडा असेल तोच वाच. एक जरी कमी वाचलास तर पीएचा फोन येईल. कोंबडा कोंडून ठेवलाय.

लोभ तुझ्याकडे बंद आहे तोवर आमच्याकडचा वापर.

तुझा
समर्थ