आमटीनं खाल्लेला पत्रा

सासूबाई, मी तुमची सून. कुठली, असं विचारू नका, एकच होती. शेवटी शेवटी तुम्ही मला शेजारीण समजून बसायला पाट द्यायचात आणि खऱ्या शेजारणीला ‘पोळ्या झाल्या का गं?’ म्हणून दटावायचात, तेव्हा आधी ओळख सांगितलेली बरी. लिहून घेतेय माझी नात, तुमची पणती. तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. आता हिंजवडीत नोकरी करते आणि मला म्हणते, “आजी, हळू सांग, टाइप करतेय.” मी म्हटलं, कर की. ज्यांच्यासाठी लिहितेस त्यांना काही घाई नाही.

गोष्ट आपल्या व्हॅनची आहे, डब्यांच्या पांढऱ्या व्हॅनची. अजून आहे ती. पांढरी म्हणायची आपली सवय. आता तिचा रंग दुधाचा नाही, दूध उतू गेलेल्या भांड्याचा आहे. बुधवार पेठेतली खोली सोडून आपण वाकडला आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “नावातच वाकडं आहे, तिथं सरळ काय होणार?” पण हिंजवडीच्या होस्टेलांतल्या पोरापोरींना घरचं जेवण लागतं, हे ओळखलंत तुम्हीच. भाजी-आमटी तुमची, पोळ्या माझ्या, आणि गाडी चालवायला माझा मुलगा. हे तर आधीच गेलेले. तेवढ्या तीन माणसांवर आणि एका व्हॅनवर घर उभं राहिलं. तुम्ही गेल्यावर भाजी-आमटीही माझ्या गळ्यात पडली, पण त्यावरून आज भांडत नाही.

पहिलं पासिंग आठवतंय का तुम्हाला? नसेलच. डबे नेणारी गाडी म्हणजे धंद्याची गाडी, ती सरकारला दाखवून आणावी लागते. ब्रेक लागतो का, दिवे लागतात का, रस्त्यावर सोडायच्या लायकीची आहे का. नवी असते तोवर दोन वर्षांनी, मग वय झालं की दरवर्षी. डॉक्टर आपल्याला बोलावतात तसंच. मला तो दिवस असा दिसतो: तुम्ही गाडी धुऊन घेतलीय, झेंडूचं तोरण बांधलंय, चाकांना हळदकुंकू, दोन्ही दिव्यांना गंधाची बोटं, आणि नंबरच्या पाटीवर कुंकवाचं हे एवढं मोठं स्वस्तिक. साहेब येतात, गाडीभोवती फिरतात, चष्मा वर करतात.

“आजी, पासिंगला आणलीय की लग्नाला?”

“पासिंगलाच. मुहूर्त बघून आणलीय.”

“नंबर कुठंय हिचा?”

“स्वस्तिकाच्या खाली.”

“मग मी वाचू काय?”

“आता नाही वाचता येत म्हणून काय झालं? माझ्या सुनेलाही येत नाही. तिला सांभाळून घेतेच की मी.”

साहेब हसले. मी नाही हसले. ते कुंकू पदरानं मीच पुसलं. तेलात कालवून लावलेलं, निघता निघेना. गाडी पास झाली. परत येताना पुढच्या सीटवरून, चौथी पास असल्याच्या थाटात, मागं वळून म्हणालात, “बघ, गाडीसुद्धा पास झाली. आता या घरात नापास तू एकटीच.” अहो, मी शाळेत गेलेच नव्हते, तर नापास कुठून होणार? पण तुमच्यापुढं बोलायची सोय नव्हती. मी खिडकीबाहेर बघत बसले. तुम्हाला काय वाटलं कोण जाणे, चौकात गाडी थांबवायला लावलीत, खाली उतरलात आणि म्हणालात, “जा, पुढं बस. मागं बसून तुझ्या लुगड्याला आमटीचा वास लागतो.” तेव्हापासून पुढची सीट माझी. कुणाच्या सासवा पाटल्या देतात. मला सीट मिळाली. आणि दर पासिंगला मी तिच्यावर बसून जाते, आदल्या दिवशी बुधवारात गणपतीपुढं नारळ ठेवून.

यंदा पासिंगच्या आधी मेकॅनिकनं गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली आणि मला हाक घातली. “आजी, या इकडं. हा गंज नाहीये. ही तुमची आमटी आहे.” खरंच हो. इतकी वर्षं प्रत्येक स्पीडब्रेकरला थोडी थोडी सांडत आली, मीठ, चिंच, गूळ सगळं झिरपलं आणि तळाचा पत्रा खाऊन टाकला. भोकातून खालची जमीन दिसत होती. मी म्हटलं, “चांगली होत असणार. पत्र्यानंही सोडली नाही.” तो म्हणाला, “नवा पत्रा मारून देतो, पण हिला अजून किती ओढायचं?” तर माझा मुलगा म्हणतो, “ओढू की. आईचं काम आहे.”

आईचं काम! मी तिथं स्टुलावर बसले होते, ती बसूनच राहिले. इतकी वर्षं मी समजत होते की त्याचं काम आहे म्हणून मी लाटतेय. माझी मनगटं पहाटे उठायच्या आधी उठतात, ठणकत. त्याचं म्हणाल तर हिंजवडीच्या त्या रांगेत कंपन्यांच्या बसमागं बसून बसून त्याची कंबर गेलीय. गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर काढतो, मग जरा थांबतो, जणू दुसरा पाय यायला तयार आहे का ते विचारतो. आणि दोघंही एकमेकांसाठी ओढतोय. बोलायचं कुणी? मी थांबते म्हटलं तर त्याला वाटणार, पोटावर पाय आला. तो थांबतो म्हणाला तर मलाही तसंच वाटेल, असं त्याला वाटणार. सासूबाई, गाडीच नापास झाली असती तर कुणालाच काही बोलावं लागलं नसतं. म्हणून यंदा नारळ ठेवायला गेले नाही. गुडघ्याचं निमित्त केलं.

आता साहेब गाडीभोवती फिरत नाहीत, मशीन आहे. चाकं रोलरवर चढवतात, ते गरागरा फिरतात, ब्रेक दाबायला लावतात आणि समोरच्या पडद्यावर निकाल येतो. पहिल्या खेपेला हँडब्रेकनं दगा दिला. लाल आलं. मला अक्षर येत नाही, रंग येतो. इतकं हलकं वाटलं की लगेच लाजही वाटली. मुलगा म्हणाला, “केबल बदलली की होईल गं.” केबल बदलली. पुन्हा गेलो. हिरवं.

कागद घेऊन तो बाहेर आला. बाजूचे टेम्पोवाले एकमेकांना टाळ्या देत होते. हा म्हणाला, “पास झाली,” नळाचं पाणी गेलं म्हणून सांगावं तसं. मी म्हटलं, “हो का.”

“अजून एक वर्ष.”

“हो.”

पेढ्यांचं कुणी नाव काढलं नाही. गाडीत बसलो. त्यानं किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“आई, नारळ ठेवला होतास?”

“नाही.”

“का गं?”

“गुडघा.”

“गुडघा!” तो हसायला लागला. “मला वाटलं, ठेवला असशील. म्हटलं, हिच्या नारळापुढं आपलं काय चालणार.”

“तुझं काय चालायचं होतं?”

तो काचेतून समोर बघत हळूच म्हणाला, “लाल.”

नंतर किती वेळ हसलो ते माहीत नाही. मी डोळे पुसले, त्यानंही पुसले. वॉचमन येऊन काचेवर टकटक करून म्हणाला, “काका, पास झाली ना? मग काढा की पुढं. नापास झालेले एवढं रडत नाहीत.”

तर महिनाअखेरीला डबे बंद. होस्टेलांना सांगून झालं. दोन मुली रडल्या, बाकीच्यांनी दुसरा डबेवाला विचारला. व्हॅन खाली उभी आहे, नव्या पत्र्याची, वर्षभर रस्त्यावर फिरायच्या लायकीची. फिरवणारे दोघं वर सोफ्यावर बसलेत.

नात विचारतेय, “आजी, हे पाठवायचं कुठं?” कुठं नाही, राहू दे तुझ्याजवळच. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की हा धंदा तुमचा होता आणि बंद करताना तुम्हाला मनातसुद्धा विचारलं नाही. तुम्ही नको म्हणाला असतात. आणि मी ऐकलं असतं.

पितृपक्षात तुम्हाला काय वाढायचं ते मी बघेन, पण त्याआधी तुम्हीच काहीतरी पाठवा. पोळी नको, तिचं तोंड बघायची इच्छा नाही. मऊ भात पाठवा, जरा पातळसर, वर तूप आणि मेतकूट. दोघांपुरताच करा. मोठ्या पातेल्यातलं आता आम्हाला जात नाही.