दंडधराचा आवाज

३ जानेवारी

बाबा आज दंडधर झाले. चुकून.

४ जानेवारी

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच पटणार नाही.

आमच्या मालिकेतल्या साम्राज्यात सम्राटाच्या खाली पाच पदं आहेत. छत्रधर, खड्गधर, दंडधर, दीपधर, द्वारधर. ज्याच्या पूर्वजाने पहिल्या सम्राटासाठी जे धरलं, ते त्या घराण्याचं पद, असं लेखकाने ठरवलंय. छत्र धरणारे सगळ्यांत वर, दार धरणारे सगळ्यांत खाली. कॉलरवरच्या पट्ट्यांवरून पद ओळखायचं. द्वारधराला पट्टा नाही, दीपधराला एक, दंडधराला दोन. खालच्या दोघांनी दरबारात तोंड उघडायचं नाही. हा तक्ता स्टुडिओत भिंतीभिंतीवर चिकटवलाय. आमच्या ध्वनीच्या खोलीत तो नेमका पंख्याच्या बटणावर आहे. पंखा लावायचा तर आधी साम्राज्य वर उचलावं लागतं.

मी मालिकेचा आवाज बसवते. संवाद साफ करायचे, पावलं, दारं, तलवारी भरायच्या. बाबा गर्दीत उभे राहतात. गोदामातली नोकरी संपल्यावर हे काम धरलं. उंची आहे, चेहरा गंभीर आहे, न हलता उभं राहायची सवय आहे. आम्ही एकमेकांचे कोण हे तिथे कुणाला माहीत नाही. ते बाबांनीच ठरवलं. "उगाच लोक म्हणतील, पोरीने चिकटवलं."

त्यांना द्वारधर म्हणून उभं राहायचं होतं. पण कपडेपटातल्या काकांकडे दंडधराचा एक झगा कुणालाच बसत नव्हता. "तुमची उंची वाया कशाला घालवायची? चढवा हा!" बाबांनी चढवला. त्यात कॅमेरा सम्राटाच्या खांद्यावरून फिरला तो बाबांच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला! कंटिन्यूइटी, म्हणजे आधीच्या दृश्याशी पुढचं जुळतं का ते, बघणाऱ्या बाईंच्या उशिरा लक्षात आलं. "अहो, हा तर दारावरचा! याला दोन पट्टे कुणी दिले?"

दिग्दर्शक म्हणाले, "दिसलाय ना एकदा? मग आता तो दंडधरच."

पैसे मात्र द्वारधराचेच.

१९ जानेवारी

चहाच्या रांगेत आज एक गोष्ट पाहिली. बिनपट्टेवाले आणि एक पट्टेवाले आपणहून मागे सरकतात. दोन पट्टेवाले पुढे. कुणी सांगितलेलं नाही. सगळे थोडक्याच पैशांवर आलेले, संध्याकाळी एकाच गाडीत कोंबून परत जाणारे. बाबा पुढे गेले नाहीत. जिथे होते तिथेच उभे राहिले. मागचा दीपधर ओरडला, "ओ दंडधर, तुम्ही नाही घेतला तर आम्ही कधी घ्यायचा?"

तेव्हा घेतला. कप दोन्ही हातांत धरून कडेला गेले. माझ्यावरून नजर फिरवली — खांबावरून फिरवावी तशी.

२७ जानेवारी

बाबा घरात पाठ ताठ ठेवून चालायला लागलेत. शेजारचे इस्त्रीवाले त्यांना "काय दंडधर!" म्हणतात. बाबा मान किंचित झुकवतात. किंचितच. जास्त झुकवायची नसते, तक्त्यात आहे.

आई म्हणते, "उद्या कचऱ्याची बादली पण मलाच न्यायला लावतील."

आजही बादली बाबांनीच नेली. ताठ पाठीने.

११ फेब्रुवारी

मालिका संपवायची ठरली. शेवटच्या भागात सम्राट पदच्युत होणार.

लेखकाने फार पूर्वी तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक नियम लिहिला होता. तो आज कंटिन्यूइटीवाल्या बाईंनी वाचून दाखवला. सम्राटाला उतरवायचं तर तलवार काढायची नाही. दंडधरांमध्ये जो वयाने सगळ्यांत मोठा, त्याने पुढे यायचं, दंड जमिनीवर आपटायचा आणि एकच वाक्य बोलायचं: "महाराज, आता खाली उतरावं."

दिग्दर्शकांच्या मनात एक नावाजलेला नट होता. बाई हटल्या नाहीत. "सगळ्यांत म्हातारा दंडधर इतक्या भागांत दिसलाय. तो बघा, तो उंच. आता दुसरा कुठून आणणार?"

म्हणजे बाबा.

मी हेडफोन काढले नाहीत. सगळं नीट ऐकू येत होतं तरी.

१२ फेब्रुवारी

घरात वाक्याचा सराव. आई स्टुलावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढत होती. बाबा लाटणं आपटून म्हणाले, "महाराज, आता खाली उतरावं!"

"आधी स्टूल धरा नीट. मग सिंहासनाचं बघू."

आई हसून हसून खाली बसली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी या घरात आवाज झाला.

१८ फेब्रुवारी

बाबांनी विचारलं, "कसं वाटतं?"

मी म्हटलं, "शेवटचा शब्द पडतो."

"पडतो म्हणजे?"

"ऐकू येत नाही. 'उतर'पर्यंत येतो. पुढचं आत जातं."

ते खरंच आहे. बाबांचा आवाज पातळ आहे, आणि कुठलंही वाक्य ते शेवटापर्यंत नेत नाहीत. "अगं, ते जरा..." म्हणतात आणि थांबतात. पुढचं आई म्हणते. गोदामातही त्यांचे साहेबच त्यांची वाक्यं पूर्ण करायचे म्हणे.

बाबांनी मान हलवली. नंतर बराच वेळ बाथरूममधून "उतरावं, उतरावं" येत होतं. दार बंद. नळ चालू.

मी बरं वाटेल असं काही बोलू शकले असते. सुचलंही होतं.

२ मार्च

चित्रीकरण झालं. मी हेडफोन लावून कोपऱ्यात. सम्राटाला सर्दी. तो दोन टेकच्या मधे नाक शिंकरायचा आणि पुन्हा अजिंक्य व्हायचा.

बाबा पुढे आले. दंड आपटला — सुंदर आपटला! दरबार गप्प. मग वाक्य.

पुन्हा. पुन्हा. तिसरा टेक त्यातल्या त्यात बरा. पाचव्यानंतर दिग्दर्शक म्हणाले, "झालं. छान." 'छान' हा शब्द ते कोणत्या सुरात कधी म्हणतात, हे माझ्या कानाला कळतं.

घरी बाबा म्हणाले, "सम्राट खाली उतरले तेव्हा माझ्याकडे बघून..." आई म्हणाली, "हसले?" बाबा म्हणाले, "हो."

शिंकले होते.

९ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. लिहिते.

संकलनाच्या खोलीत तो प्रसंग लागला. संकलक — सगळे त्याला कात्री म्हणतात — ऐकून म्हणाला, "हा सम्राटाला उतरवतोय की बसमधे पुढे सरका सांगतोय?" सगळे हसले. माझ्याही तोंडावर काहीतरी आलंच असेल.

दिग्दर्शक हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "तू सांग. हा आवाज ठेवायचा की बदलायचा?"

मी म्हटलं, "पुन्हा लावा."

"घाई नाही. हवं तितक्यांदा ऐक."

मी पाचही टेक ऐकले. तिसऱ्यातला सुरुवातीचा तुकडा आणि पाचव्यातला शेवट जोडून पाहिला. वरचा खरखरता भाग कापला, खालचा उचलला. जे आवाजातच नाही ते यंत्र कुठून आणणार? त्या वाक्यावर अख्खी मालिका संपते. दरबारात शंभर माणसं उभी आहेत, आणि हा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नाही.

"बदलावा लागेल," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक. बसवायचा पण तूच."

१० मार्च

घरी सांगितलं नाही.

११ मार्च

आवाज देणारा गृहस्थ आला. बुटका, गुबगुबीत, कोमट पाणी पिणारा. काचेपलीकडे चपला काढून उभा राहिला आणि तोंड उघडलं. भिंत थरथरली! दोन टेक. निघताना म्हणाला, "कुणाच्या तोंडात घालताय? बरा दिसतो का माणूस?"

मी म्हटलं, "उंच आहे."

"बरंय. माझ्या आवाजाला उंची मिळाली म्हणायची!" हसत गेला. वाईट माणूस नाही.

मग दार लावून बसवायला बसले. बाबांचे ओठ एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिले. शेवटच्या शब्दापाशी थांबले. वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. मग तोंड पुन्हा उघडतं. प्रत्येक टेकमध्ये. म्हणजे बाबा तो शब्द गिळत नाहीत. पूर्ण म्हणतात. पोचत नाही, एवढंच.

इतकी वर्षं मला वाटायचं, सोडून देतात.

१२ मार्च

काम पुरं. ओठ कुठेही सुटत नाहीत. दंडाचा ठोका सेटवरचाच ठेवला. आणि वाक्याच्या आधी बाबांनी घेतलेला श्वास, तोही ठेवला. परक्या माणसाचा श्वास कापून तिथे यांचा लावला. कात्रीला कळलं नाही. कुणालाच कळणार नाही.

३० मार्च

शेवटचा भाग शनिवारी. बाबांनी आत्याला बोलावलंय. इस्त्रीवाल्यांना सहकुटुंब. वरच्या मजल्यावरच्या काकूंना. मी म्हटलं, "एवढ्या लोकांना कशाला?"

आई म्हणाली, "अगं, एकदाच बोलतायत आयुष्यात!"

रोज ठरवते, आज सांगायचं. बाबा पेपर वाचत असतात, समोर बसते. ते पेपर खाली घेतात. "काय गं?" मी म्हणते, काही नाही. यंत्रांसमोर माझी जीभ इतकी सरळ चालते!

२ एप्रिल

झगे परत घेतले. कपडेपटातल्या काकांनी बाबांचा झगा बाजूला काढून ठेवला. म्हणाले, पुढच्या मालिकेत पडदा होईल, कापड चांगलं आहे. मालिका संपली, पदं संपली. गर्दीतल्या कुणालाच पुढचं बोलावणं नाही.

आज चहाच्या रांगेत कुणी मागे सरकलं नाही.

४ एप्रिल

खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. बाबा इस्त्रीच्या सदऱ्यात, खुर्चीत. इस्त्रीवाले म्हणाले, "ही इस्त्री आमच्याकडून. दंडधराला सुरकुती चालायची नाही."

मी दाराजवळ उभी राहिले. दंड आपटला. श्वास आला. मग तो आवाज — भरदार, गोल, शेवटच्या अक्षरापर्यंत ठणठणीत. बाबांच्या तोंडातून.

आत्या किंचाळली, "अगंबाई! दादाचा आवाज केवढा! आम्हाला कधी ऐकवला नाहीस रे!"

आईने आधी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बाबांकडे मला बघवलं नाही.

टाळ्या. पेढ्यासारखी वाटली गेलेली शाबासकी. आणि मग इस्त्रीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "काका, आता इथे म्हणा ना एकदा! तसंच!" सगळेच मागे लागले. म्हणा, म्हणा! आत्याने तर हातात छत्री दिली, दंड म्हणून.

बाबा उभे राहिले. छत्री आत्याला परत दिली. शांतपणे म्हणाले, "दंडधर एकदाच बोलतो. नियम आहे."

सगळे हसले. पटलंच सगळ्यांना. काकू म्हणाल्या, "पदाचा मान ठेवतात हो!"

५ एप्रिल

आई आत्याला सोडायला स्टँडवर गेली. बाबांनी चहा केला, एक कप माझ्यापुढे ठेवला.

"श्वास माझाच होता ना?"

"हो."

"ओळखला मी." एक घोट घेतला. "दिग्दर्शकांना मीच गाठलं होतं, चित्रीकरण झालं त्या दिवशीच. म्हटलं, आवाजाचं त्या ध्वनीवाल्या मुलीला विचारा. माझीच मुलगी आहे, पण माझी बाजू नाही घ्यायची. तू 'ठेवा' म्हणाली असतीस ना, तर मला..."

आणि थांबले. आई घरात नव्हती पुढचं म्हणायला.

मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.