गडूतली गंगा

पिंपळनेर, फेब्रुवारी १९९४

प्रिय बेबी,

माझ्या पायाची काळजी करू नकोस. काठीशिवाय चालतो, चौकात जाऊन चहा पिऊन येतो. मागच्या वर्षी धुळ्याच्या दवाखान्यात जखम चिघळली, एकामागून एक इंजेक्शनं वाया गेली आणि डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढायचा म्हणून सांगितलं, तेव्हा तू पुण्याच्या प्रयोगशाळेतून धावत आलीस. वॉर्डच्या खिडकीतून तू मागच्या गटारीत बाटली बुडवताना दिसलीस आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. एवढं शिकवून पोरगी गटारीत उतरली, असं मनात आलं. जंतू जिथे माजतात तिथेच त्यांना मारणारे विषाणू सापडतात, ज्याचा जंतू त्याचा वैरी शोधावा लागतो, गाळून शुद्ध केल्यावर त्यात घाण उरत नाही, असं तू किती समजावलंस. तुझे सर ही विद्या रशियात शिकून आलेले. डॉक्टर हो-ना करत तयार झाले, तुझं औषध जखमेवर घातलं आणि जखम भरली.

गावाला मात्र मी वेगळंच सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी कुण्या साहेबाला गंगेच्या पाण्यातही असंच जंतू मारणारं काहीतरी आढळलं होतं, असं तू बोलता बोलता म्हणाली होतीस ना? तेवढंच मी उचललं. कोणी विचारलं की म्हणायचो, पोरीनं गंगेच्या पाण्यातून औषध काढलं. लोक हात जोडायचे, आणि मला बरं वाटायचं. गटार म्हटलं असतं तर आपल्या घरचं पाणी कोण प्यायलं असतं? पुढे पुढे तर बोलण्यातलं औषधही गळून पडलं, नुसती गंगाच उरली.

शेजारच्या सुगंधाबाईच्या नवऱ्याचा, नथ्थूचा, पाय ट्रॅक्टरखाली आला. त्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं. तोच हिरवा पू, तीच लागू न पडणारी इंजेक्शनं. सुगंधाबाईनं मला काही विचारलं नाही. विचारायचं राहिलंच काय होतं? आपल्या जबाबदारीवर नेतो अशी सही करून तिनं त्याला घरी आणलं आणि देव्हाऱ्यातला काशीचा गडू फोडला. तो सीलबंद गडू आपल्याकडे कशासाठी जपतात ते तुला सांगायला नको. शेवटच्या घोटासाठी ठेवलेलं ते पाणी ती जखमेवर घालत राहिली. मला कळलं तेव्हा त्याची बोटं काळी पडायला लागली होती.

जीप करून मीच त्याला परत धुळ्याला नेलं. बाहेरच्या बाकावर तिला सगळं सांगितलं, गटारीसकट. ती चिडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. "भाऊ, गटारनं व्हतं तरी मनी ना नव्हती," एवढंच म्हणाली. "तो गडू मना मरानसाठे ठेयेल व्हता." स्वतःच्या मरणासाठी राखलेलं पाणी तिनं माझ्या खोट्यापायी ओतलं. बेबी, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

म्हणून हे पत्र. नथ्थूचा पाय काढायचं डॉक्टर थोडं लांबवायला तयार आहेत, फार नाही. जीपवाल्या रतिलालच्या हाती बर्फात घालून दोन बाटल्या पाठवतोय. एकीत नथ्थूच्या जखमेतला पू आहे, डॉक्टरांनीच भरून दिलेला. दुसरीत दवाखान्यामागच्या त्याच गटारीचं पाणी. ती मी भरली, भेटायला आलेल्या गावच्या माणसांदेखत, आणि कशासाठी तेही मोठ्यानं सांगितलं. लवकर ये. आपल्या देव्हाऱ्यातला गडू मी सुगंधाबाईला देऊन टाकलाय. माझी वेळ येईल तेव्हा तू गाळलेलं पाणीच माझ्या तोंडात घाल.

तुझाच,
आबा