खोक्यातला डग्गा

६ जानेवारी १९६८
नवी वही. यात फक्त टेक्निकल नोंदी करायच्या. घरातलं रडगाणं लिहायचं नाही. वही कोणाच्या हाती लागू द्यायची नाही.

पिंपळगाव राजा या गावचे शेषराव काल दुकानात आले. त्यांच्याकडे गावातला सगळ्यात मोठा रेडिओ, पण आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. गाणं लागलं की तबल्यातला उजवा तेवढा टिकटिक करतो, डावा, म्हणजे डग्गा, गायब. मी त्यांना सांगितलं, पोस्टाने रेडिओ इंजिनियरिंग केलेला माणूस अख्ख्या जळगाव जामोदमध्ये एकच आहे. वेगळा स्पीकर देतो, त्याला सागवानी खोका देतो. पंचवीस फेब्रुवारीला येऊन घेऊन जा. डग्गा छातीत वाजला नाही तर रंगराव नाव लावणार नाही.

९ जानेवारी
थिअरी पक्की आहे. स्पीकरचा कागदी पडदा पुढे गेला की पुढची हवा ढकलली जाते, त्याच वेळी मागची ओढली जाते. बारीक आवाजाचं त्यानं काही बिघडत नाही. जाड आवाज मात्र कडेने वळसा घालतो आणि पुढचा-मागचा एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून स्पीकर उघडा ठेवायचा नाही. मागचा आवाज खोक्यात कोंडायचा. दयाराम सुताराला हे अर्धा तास समजावलं. तो म्हणाला, मले फक्त मापं सांगा. अडाणी.

१५ जानेवारी
खोका तयार. आठ इंची स्पीकर, इंचभर जाड सागवान, सांध्यांत सरस. मुंगी आत जाणार नाही. संध्याकाळी रेडिओ जोडला, नेमका तबला चालू होता. डग्गा नाही.

दयाराम मान डोलवत म्हणाला, काय घुमून राह्यला हो. कोकिळा चहा घेऊन आली, तर तिलाही म्हणे पायाखाली वाजलं. सुताराला स्वतःचं काम गोडच लागणार. आणि बायकोला संगीतातलं काय कळतं? चूक माझ्या लगेच लक्षात आली. खोका लहान झाला. लहान खोक्यात कोंडलेली हवा कडक होते, पडद्याला नीट हलू देत नाही. दयारामला म्हणालो, हा खोलून टाक, दुप्पट मोठा कर. त्यानं तोंड वाकडं केलं.

१६ जानेवारी, पहाटे
झोप नाही. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बाबांना चाळिसाव्या वर्षी ऐकू येईनासं झालं. आधी जाड आवाज गेले. दारावरची थाप, बैलगाडी, पुरुषमाणसांचं बोलणं. मग सगळंच. पुढची अठरा वर्षं ते ओट्यावर बसून होते आणि आम्ही त्यांच्या तोंडासमोर त्यांच्याबद्दल बोलायचो. मला येत्या श्रावणात चाळीस.

माझा याच्याशी काही संबंध नाही. पुरावे आहेत. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. चमचा पडला तर ऐकू येतो. आणि नांदुऱ्याच्या एसटीत, जिथे इंजिनाच्या घरघरीत बाकीच्यांना शेजारच्याचं बोलणं समजत नाही, तिथे मला तिसऱ्या बाकावरचं स्वच्छ ऐकू येतं. बहिऱ्याला आलं असतं? विषय बंद.

२५ जानेवारी
बारा इंची स्पीकर आणला. साधा हिशेब आहे. पडदा मोठा, तर ढकललेली हवा जास्त. जाड आवाजाला हवाच लागते. नवा खोका दुकानाच्या दारातून आत जाईना, चौकट काढावी लागली. आवाज बराच वाढवून ऐकलं.

शेजारच्या विमलबाई आल्या. त्यांच्या फळीवरून लोणच्याची बरणी चालत चालत खाली पडली म्हणे. फळी कच्ची बसवली होती, तसं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्या कोकिळेशी बोलत राहिल्या, मधूनमधून माझ्याकडे बघत. डग्गा नाही.

३० जानेवारी
पुस्तकात उपाय सापडला. मागचा आवाज नुसता कोंडून वाया घालवायचा नाही. खोक्याला पुढच्या बाजूनं मोजून एक भोक पाडायचं, म्हणजे तोच आवाज पुढच्याला साथ देतो. दयारामनं भोक पाडलं. रेडिओ लावून भोकापाशी हात धरला. तळहाताला गार फुंकर लागत होती, थेट ठेक्यावर. धा, धा, धा. हाताला डग्गा कळत होता. कानाला नाही.

याचं टेक्निकल कारण शोधायचं. दयाराम गेल्यावर हात परत धरून पाहिला, हे लिहायला नको होतं.

३ फेब्रुवारी
बाजारातून येत होतो. मागून हॉर्न वाजला म्हणून वळलो तर एसटी चार हातांवर. उडी मारून गटारात पडलो. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, केव्हाची गाडी मागं येऊन राह्यली, आयकू येत नाही काय?

नव्या गाड्यांची इंजिनं फारच शांत केली आहेत. हे धोक्याचं आहे. कोणीतरी सरकारला कळवायला पाहिजे. घरी आल्यावर तासभर चुलीपुढे बसलो. चिखलाचा गारठा.

८ फेब्रुवारी
भोक बुजवलं. आता कापूस. खोक्यात पिंजलेला कापूस सैल भरला की हवा त्यात अडखळते आणि खोका आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. अख्खा तालुका कापूस पिकवतो आणि हे कोणाला ठाऊक नाही. घाईत कोकिळेची गादी उसवली. ती आता सतरंजीवर झोपते आणि माझ्याशी बोलत नाही. की बोलते आणि मला

नाही, बोलत नाही. रागावली आहे. डग्गा नाही.

१३ फेब्रुवारी
लाकूडच नको. घरातली कणगी पुरुषभर उंच, बांबूची, आतून-बाहेरून शेणामातीनं लिंपलेली. कोपरे नाहीत, फळ्या नाहीत, थरथरणार काही नाही. यापेक्षा चांगला खोका परदेशातही नसेल. ज्वारी चादरींवर ओतली. कोकिळा दारात उभी राहून बघत होती. तोंडावर फळी ठोकून बारा इंची बसवला, आवाज पूर्ण वाढवला.

आढ्यावरून माती पडली. आळीतली माणसं दारात गोळा झाली. कोकिळेनं दोन्ही कानांवर हात दाबले. मला गायकाचा बारीक आवाज आणि तबल्याची टिकटिक. वैतागून कणगीला डोकं टेकलं. आणि डग्गा वाजला. कवटीत वाजला, भरदार, गोल. डोकं काढलं, गेला. टेकलं, आला. सात वेळा करून पाहिलं. लोक बघत होते.

कोकिळेनं रेडिओ बंद केला. सगळ्यांना घालवलं. मग तोंड माझ्या अगदी जवळ आणून म्हणाली, "अवो, खोक्यात काही खोट नाही. पहिल्या दिवशीच चांगला वाजला होता. आता तुमचे कान दाखवा."

मी म्हणालो, वेळ मिळाला तर बघू.

१९ फेब्रुवारी
खामगाव. तिथे कानाचे डॉक्टर महिन्यातून दोनदा येतात. मी डॉक्टरांशी आवाजाच्या शास्त्रावर चर्चा करायला गेलो होतो, म्हणून बारा इंची स्पीकर पिशवीत घेतला होता. त्यांनी तो खाली ठेवायला सांगितला. कान तपासायचा लोखंडी काटा वाजवून माझ्या कानाशी धरला. काही नाही. तोच काटा कानामागच्या हाडाला टेकवला. वाजला. त्यांनी विचारलं, गर्दीत, गाडीत जास्त चांगलं ऐकू येतं का? मी ताठ बसून हो म्हणालो. अगदी स्वच्छ येतं म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि लिहू लागले. वडिलांचं विचारलं. मग कोकिळेकडे वळून बोलत राहिले. मी मधे बसलो होतो.

ते काय म्हणाले ते परतीच्या एसटीत कोकिळेनं सांगितलं. कानाच्या आतलं एक बारकं हाड जखडत चाललंय. जाड आवाज आधी जातात. गाडीत बरं ऐकू येणं ही याच दुखण्याची खूण. मुंबईला ऑपरेशन करतात, गुण येईल, नाहीही येणार. एसटीत होतो म्हणून शब्दन् शब्द ऐकू आला.

मला भीती वाटते. बाबांसारखं व्हायची फार भीती वाटते. वही माझीच आहे, लिहायला हरकत नाही.

२५ फेब्रुवारी
शेषराव सकाळीच आले. मी माफी मागायच्या तयारीत होतो, पण दयाराम पहिला आठ इंचीचा खोका घेऊन हजर. त्यानं तो खोललाच नव्हता. चांगली वस्तू मोडायला हात उचलला नाही म्हणाला. आता पॉलिशही केलं होतं. जोडला. शेषराव डोळे मिटून बसले, बोटं मांडीवर ठेका धरत होती. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. गाणं संपल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, रंगराव म्हणजे रंगराव म्हणाले असावेत.

पावतीच्या खाली एक रकाना असतो, माल तपासणाऱ्याची सही. बारा वर्षं तिथे मीच करतो. पेन कोकिळेला दिलं. तिनं विचारलं, काऊन? मी रकान्यावर बोट ठेवलं. तिनं परत एकदा रेडिओ लावला, खोक्यासमोर मांडी घालून पूर्ण गाणं ऐकलं आणि मग सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

डग्गा आहे म्हणे.