ह्यांचा आवाज

३ मार्च
डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल. स्वरयंत्र मात्र काढावं लागेल." सोमवारीच ऑपरेशन! परत येताना बसमध्ये हे म्हणतात, "सगळा जन्म गप्प बसा म्हणत होतीस. घे, झालं तुझ्या मनासारखं!" मी हसले. घरी आल्यावर नळ सोडून रडले.

५ मार्च
डोंगरावरच्या दरीत जाऊन आलो. ह्यांचा हट्ट — ऑपरेशनच्या आधी हरणं बघायचीच. लग्न झाल्यापासून इतक्या खेपा झाल्या, एकही दिसलं नाही. ह्यांच्या तोंडाचा पट्टा थांबेल तर ना! आजही चढणीवर तेच. आवाज बसलेला, घोगरा, पण सुरूच — बुटाची नाडी, शेजाऱ्यांचा पंप, जावयाची नवी मिशी.

ओढ्याच्या वळणावर दिसली! पाच-सहा असतील. एक पाडस आईच्या पोटाला चिकटलेलं. माझं बोट आपोआप ओठांवर गेलं — शाळेत सिस्टर आम्हाला रांगेत चालवायच्या, तसं. आणि हे चक्क गप्प झाले.

पाडस पाणी प्यायलं. किती सुंदर! आणि एकदम लक्षात आलं — हा आवाज आता उरलाय किती, आणि मी त्यालाच गप्प करते?

"बोला ना काहीतरी."
"अगं, पळतील ती."
"पळू देत!"

पळालीच. हे हसले, खोकले, म्हणाले, "कॉन्व्हेंटच्या बाई, वर्गात बोललात. अंगठे धरा!"

८ मार्च
झालं ऑपरेशन. डॉक्टर खूश आहेत.

२ एप्रिल
घर केवढं मोठं वाटतं. मीही हल्ली बोलत नाही. ह्यांच्यासमोर बडबडायचं म्हणजे उपाशी माणसापुढे जेवायला बसण्यासारखं. लेक फोनवर म्हणाली, "आई, भांडलात का गं तुम्ही?"

११ सप्टेंबर
पुन्हा दरीत. गळ्याशी केलेल्या छिद्रातून श्वास घेत हे हळूहळू चढले. दोघंही गप्प, म्हणून हरणं अगदी जवळ आली. पाडस आता चांगलं दांडगं झालंय. मी श्वास रोखून उभी —

आणि ह्यांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या! सगळी पसार. मग माझ्याकडे बोट दाखवलं, हाताची चोच केली, उघडमीट, उघडमीट — बोल!

पायथ्याला येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा थांबला नाही.