फेटा घेऊन मैदानात

रविवार, दिवेलागण

बरेच दिवस लिहिलं नाही, माफी असावी. लिहायला हात धजत नव्हता.

बुधवारी बारामतीत माझ्या नातीचा, गौरीचा, फुटबॉलचा सामना होता. तिच्याच संघातल्या, आमच्या शेजारच्या तात्याच्या सायलीने दोन गोल केले. लगेच हार, फोटो. तात्या तर असा बसला, जणू गोल त्यानंच मारले. मला ते बघवेना. गौरी मागं उभी राहून गोल अडवते, तिच्या नावावर आकडा कुठला? पण एक चेंडू तिने तोंडावर घेतला. ओठ फुटला. रक्त पुसलं आणि परत जागेवर उभी राहिली. ही धमक सायलीत आहे का?

आमच्या कळसच्या आखाड्यात डाव आवडला की माणूस उठून पैलवानाला फेटा बांधतो. मीही डोक्यावरचा फेटा सोडला आणि खेळ चालू असतानाच मैदानात शिरलो. शिट्टी वाजली. सगळं थांबलं.

तात्या ओरडला, "आबा, ह्यो आखाडा न्हाय. माघारी या, पोरी हसत्यात."

गौरी खाली बघत म्हणाली, "आबा, तुमी भाईर जावा."

जिल्ह्याचा संघ निवडणारे सर समोरच होते. त्यांनी तो फुटलेला ओठ पाहिला, की नुसतं मलाच पाहिलं? सायली संघात जाणारच. माझ्यापायी गौरीचं नाव गेलं तर?

गौरी तिकडंच वसतिगृहात राहते, बुधवारपासून तिचा फोन नाही. गौरे, निवड होवो न होवो, तात्यानं पारावर सांगायच्या आधी मला कळव.