कात्रीचे तीन ठोके

॥ श्री ॥

रुवी, मस्कत
६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप ताईस,
रामकृष्णाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि कुळथाच्या पिठाची पुरचुंडी चहावाल्या अमीनच्या मेहुण्याने सुखरूप आणून दिली. पीठ तिसऱ्या दिवशी संपलं, पत्र अजून पुरवून वाचतो आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त फोटो आणि मजकूर मात्र कागदावर, हा तुझा दंडक पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सुटत नाही. पण खरं सांगतो, दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, तेव्हा कापड बेतायच्या टेबलावर बसून तुला लिहायला बरं वाटतं.

आता तुझ्या धाकट्या भावाचा पराक्रम ऐक. आमची गल्ली अरुंद, दुकानं खणाएवढी. म्हणून सगळ्यांचाच संसार थोडा थोडा बाहेर असतो. माझं इस्त्रीचं टेबल बाहेर, समोर अमीनच्या चहाच्या खुर्च्या, पलीकडे अलीमियाँची घड्याळदुरुस्तीची पेटी. बलदियाचे, म्हणजे इथल्या नगरपालिकेचे लोक आले की याला मुखालफा, दंडाची पावती. माझं दुकान गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळे पहाऱ्याचा मान माझा. बलदियावाला दिसला की मोठी कात्री लोखंडी शटरवर तीनदा ठोकायची. खलास! मिनिटाभरात गल्ली धुतल्यासारखी रिकामी. सव्वीस वर्षांत माझा ठोका एकदाही चुकलेला नाही.

गेल्या मंगळवारी तिघं आले, एक मुलगी आणि दोन बाप्ये. अंगात पिवळी जाकिटं, हातात कागदांच्या पाट्या. मी ठोकलं. अमीनने तर खुर्च्यांबरोबर गिऱ्हाइकंही ग्लासांसकट आत ओढली आणि शटर खाली घेतलं. ते तिघं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, इकडेतिकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. एकालाही पावती नाही. अमीनने दिवसभर मला चहा पाजून माझी झोप घालवली.

बाकी तुझ्या भाचीने, रेवाने, पेपरात वाचलं की बलदियाने एका सेवाभावी संस्थेशी हातमिळवणी केली आहे आणि दोघं मिळून आमचा जुना बाजार सुधारणार आहेत. सावलीला कापडी छत, बाकडी, झाडं, दिवे. झालं तर चांगलंच. रेवाने तुला नमस्कार सांगायला सांगितला आहे.

आहे ती माया राहू दे, आणि पुढच्या वेळी पीठ जरा जास्त पाठव.

तुझा,
रामकृष्ण


॥ श्री ॥

देवरुख
२४ ऑक्टोबर २०२४

चि. रामकृष्ण यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पराक्रम वाचला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचला. पिवळ्या जाकिटातली माणसं आली, दंडाची वही नव्हती, कुणावर खेकसली नाहीत, नुसतं बघून लिहून गेली. आणि त्याच पत्रात खाली लिहितोस की बाजार सुधारायला संस्था आली आहे. ही दोन्ही वाक्यं तूच लिहिलीस ना? मग ती एकमेकांना जोडायला मी कशाला लागते? अरे बावळटा, ती माणसं गल्लीत वर्दळ किती आहे ते बघायला आली असतील. आणि तू त्यांना दाखवलंस काय, तर बंद शटरं!

हे मी हुशारीने सांगत नाही, खाल्लेल्या ठेचेने सांगते. अठ्ठ्याण्णव साली माझ्या ऑफिसची तपासणी होती. साहेबांना सगळं नीटनेटकं दिसावं म्हणून मी पेन्शनीला आलेल्या म्हाताऱ्यांना परवा या म्हणून परत पाठवलं आणि रांग मोडून टाकली. साहेब खूश. अहवालात लिहिलं, इथे काम फारसं नाही. तीन महिन्यांत आमचा दुसरा पोस्टमन काढून घेतला आणि वरच्या वाड्यांवरची पत्रं आठ आठ दिवस पडून राहू लागली. लोक सरकारला शिव्या देत, मी खाली मान घालून शिक्के मारत बसे. हे आजवर कुणाला बोलले नव्हते. आपल्या आईची टापटीप दोघांच्याही अंगात नको तिथे उतरली आहे.

तेव्हा उद्याच्या उद्या त्या संस्थेचं ऑफिस शोध आणि जाऊन विचार. माझी शंका खोटी ठरली तर मला हस, मी दुप्पट पीठ पाठवीन. फराळाचा डबा वेगळा पाठवते आहे, त्यातल्या करंज्या रेवासाठी आहेत, हे तिलाही कळव.

रागावले आहे ते आपला आहेस म्हणून, हे धरून चाल.

तुझी,
वसुंधराताई


॥ श्री ॥

रुवी, मस्कत
१७ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

हसायची पाळी माझ्यावर आली नाही. तुझं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात बाजारात मोठा नकाशा लागला. जिथे सावली आणि बाकडी येणार ते रस्ते हिरवे, आमची गल्ली करडी. त्याखाली लिहिलं आहे, वापरात नसलेली जागा. पुढच्या रस्त्याला माल उतरवायला आणि कचऱ्याचे डबे ठेवायला ती घेणार आहेत.

मी संस्थेत जाऊन आलो. तिथे सना नावाची ओमानी मुलगी आहे, इंजिनीयर, फार अदबीने बोलते. तिने कागद काढून दाखवले. एकदा नाही, वेगवेगळ्या दिवशी तीनदा आम्ही आलो, म्हणाली, आणि तिन्ही वेळा गल्लीत माणूस नव्हतं. ताई, तुला मी एकाच वेळचं लिहिलं होतं. तिन्ही वेळा मीच ठोकलं होतं. ती बोलत होती आणि मी तिच्यासमोर मान डोलावत बसलो. कात्रीचं नाव न काढताच परत आलो.

आता खरी पंचाईत ऐक. आमचा अर्बाब, म्हणजे गाळ्यांचा मालक, म्हणतो की गल्ली करडीच राहणार असेल तर मार्चपासून तो सगळी ओळ एका बड्या दुकानाला गोदाम म्हणून देणार. बारा दुकानं उठतील. अलीमियाँ सत्तरीचे आहेत, ते पेटी घेऊन कुठे बसणार? अमीन रोज त्या पिवळ्या जाकिटवाल्यांना आंधळे म्हणून शिव्या घालतो आणि मी ऐकून घेतो. तू शिक्के मारत कशी बसली असशील ते आता कळतं.

येत्या शुक्रवारी बलदिया आणि संस्था मिळून दुकानदारांची सभा घेणार आहेत. खरं बोलायचं तर बलदियाच्या साहेबासमोर कबूल करावं लागेल की सव्वीस वर्षं आम्ही तुम्हाला फसवत होतो. त्यात माझाच परवाना गेला तर? आणि न बोलावं तर बारा घरांचं वाटोळं माझ्या कात्रीने झालेलं. मला भीती वाटते, ताई, उगाच शूरपणा कशाला सांगू. इथे आपण पाहुणे, आवाज करायचा नाही, दिसायचं नाही, याच धोरणाने सगळी वर्षं काढली. रेवाला सगळं सांगितलं आहे.

तुझं उत्तर येईपर्यंत सभा होऊन गेलेली असेल. मनात आशीर्वाद दे, तो पोस्टापेक्षा लवकर पोचतो.

तुझा,
रामकृष्ण


रुवी
१ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,
नमस्कार. वि. वि. म्हणजे काय ते बाबांनी समजावलं, म्हणून मी पण लिहिते, वि. वि.

माझं मराठी बोलायला ठीक आहे, लिहायला खूप स्लो. मी फोन करणार होते. पण बाबा म्हणाले की ही बातमी पत्राचीच आहे आणि स्वतःचं कौतुक त्यांना लिहिता येत नाही. म्हणून मी. चुका असतील तर लाल पेन वापरू नको.

सभा बलदियाच्या हॉलमध्ये होती. आपल्या गल्लीचे सगळे अंकल एका रांगेत बसले होते. सनाने मॅप दाखवला आणि कुणाला काही सांगायचं आहे का असं विचारलं. अमीनचाचा उठले आणि खूप ओरडले. ते दमून बसले तेव्हा बाबा उठले. त्यांच्या शर्टची पाठ पूर्ण ओली होती आणि एसी तर फुल होता. त्यांनी अर्धं हिंदी, अर्धं अरबी असं बोलून सांगितलं की गल्ली रिकामी नव्हती, ती मी रिकामी केली. कात्री, शटर, तीन ठोके, सगळं सांगितलं.

बलदियाचे मोठे साहेब, पांढरी दाढी, खूप स्ट्रिक्ट चेहरा, त्यांनी विचारलं की तीन ठोक्यांवर पूर्ण गल्ली रिकामी होते हे आम्ही कसं मानायचं. मग बाबांनी पिशवीतून कात्री काढली (मला माहीतच नव्हतं की त्यांनी आणली आहे!) आणि समोरच्या लोखंडी टेबलावर तीनदा ठोकली.

आत्या, मी शपथ घेते. पूर्ण रांग उभी राहिली. अमीनचाचांनी स्वतःची खुर्ची उचलली आणि ते दाराकडे चालायला पण लागले. अलीमियाँनी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या उचलून छातीशी धरल्या. मग सगळ्यांना कळलं की आपण कुठे आहोत, आणि ते तसेच खुर्च्या घेऊन उभे. सना हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. साहेब हसले नाहीत. त्यांनी दाढीवर हात फिरवला आणि म्हणाले की अकरा वर्षं ते स्वतः आपल्या गल्लीत राउंडला यायचे आणि त्यांना नेहमी वाटायचं की इथले लोक बिचारे किती कमी धंदा करतात. मग मात्र ते पण हसले.

ठरलं असं की मोजणी परत होणार, शुक्रवारी संध्याकाळी पाच ते नऊ. त्या दिवशी कुणी पावती फाडणार नाही आणि सगळ्यांनी रोजच्यासारखं सामान बाहेर ठेवायचं. एवढं सोपं नव्हतं, कारण अमीनचाचा दोन दिवस बाबांशी बोलले नाहीत. त्यांना सभेत कळलं ना की कुणामुळे झालं. बाबा जेवत पण नव्हते. तिसऱ्या दिवशी अमीनचाचांच्या घरून कुबराचाचींनी बिर्याणी पाठवली. बाबांनी डब्याचं झाकण उघडलं आणि डोळे पुसले, आणि म्हणाले मसाला तिखट आहे.

परवाच्या शुक्रवारी मोजणी झाली. शुक्रवारी सुट्टी म्हणून कामगारांच्या कॅम्पमधून बसेस भरून लोक येतात ते तर तुला माहीत आहे. कपड्याचं माप द्यायला, घड्याळाचा सेल बदलायला, चहा प्यायला, आणि गावचं कुणी भेटतं का बघायला. सनाच्या टीमची माणसं दोन्ही टोकांना उभी होती. चार तासांत एक हजार आठशे बेचाळीस! पुढच्या मोठ्या रस्त्यापेक्षा जास्त. सनाने तिथेच मॅपवर हिरवा मार्कर फिरवला आणि अमीनचाचांनी बाबांना उचलायचा ट्राय केला. बाबा जाडे आहेत, म्हणून फक्त मिठी झाली.

करंज्या मिळाल्या. बाबांनी दोन चोरल्या.

तुझी खूप आठवण काढणारी,
रेवा


॥ श्री ॥

रुवी, मस्कत
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप ताईस,
रामकृष्णाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

रेवाच्या पत्राला तू लाल शाईने नव्वद गुण देऊन परत पाठवलंस, ते तिने फ्रिजवर लावलं आहे. मला मॅट्रिकला तू कधी साठाच्या वर जाऊ दिलं नव्हतंस.

परवा, शुक्रवारी सात तारखेला, आमच्या गल्लीचं उद्घाटन झालं. पत्र दोन दिवस लांबवलं, कारण आनंदाने हात चालत नव्हता असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस. खरं म्हणजे झोपलो होतो. महिनाभर आम्ही गल्लीतले चार शिंपी सावलीचं कापड शिवत होतो. संस्थेचं म्हणणं पडलं की बाहेरून तयार आणण्यापेक्षा इथल्याच हातांना काम द्या, आणि बलदियाने मान डोलावली. दिशदाशाचं, म्हणजे इथल्या पुरुषांच्या लांब झग्याचं, मऊसूत कापड शिवणारे आम्ही, त्या जाड कापडाने माझ्या एकट्याच्या सतरा सुया मोडल्या. पण आता मान वर केली की या टोकापासून त्या टोकापर्यंत आपलीच शिवण दिसते. एके ठिकाणी जरा तिरकी गेली आहे. ती अमीनच्या दुकानावर येईल अशीच टांगली.

प्रत्येक दुकानापुढे चार फुटांवर पिवळी रेघ मारून दिली आहे. रेघेच्या आत टेबल ठेवा, खुर्च्या ठेवा, परवानगी लेखी. अर्बाब आला होता, गोदामाचं नाव काढलं नाही, उलट रंग कुठला लावू म्हणून आम्हालाच विचारत होता. अलीमियाँना बाकडं अगदी पेटीसमोर मिळालं, आता गिऱ्हाइकं बसून त्यांची गाऱ्हाणी ऐकतात. संध्याकाळी एवढी गर्दी झाली की अमीनचं दूध आठ वाजता संपलं आणि तो रागाने नाही, अभिमानाने ओरडत होता. मलाही रडू आलं. बलदियाचे साहेब शेजारीच उभे होते, तरी लपवलं नाही.

आता शेवटची गोष्ट. संस्थेने ठरवलं आहे की दर महिन्याची मोजणी गल्लीतल्याच माणसाने करायची. सभा घेतली तेव्हा अमीननेच माझं नाव सुचवलं. म्हणाला की ज्याने माणसं नाहीशी केली त्यालाच मोजू द्या, जन्मभर पुरेल एवढी शिक्षा आहे. तर उद्घाटनाच्या संध्याकाळी सनाने माझ्या हाती कागदाची पाटी दिली आणि अंगात पिवळं जाकीट चढवलं. पोटावर बटण लागत नव्हतं, तिथे मी टाचणी मारली.

कागदावर दोन रकाने होते. एक येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आणि एक गल्लीतल्या माणसांचा. पाच वाजले. गल्ली भरायला लागली होती, पेन उघडून मी तोंडाशी उभा होतो. सव्वीस वर्षं याच जागी उभं राहून मी एकच काम केलं, आपण इथे नाही असं दाखवायचं. दुसऱ्या रकान्यात पहिली रेघ मी माझी मारली, ताई, आणि मग मोजायला लागलो.

तुझ्या धाकाने इथवर आलो, तो असाच राहो.

तुझा,
रामकृष्ण